चिंचोके, खोकी आणि एकोणतीस

बँकेच्या सेवेत माझी 36 वर्षे गेली. त्यांतील पहिली कितीतरी वर्षे संगणकाच्या आधीची होती. संध्याकाळी काउंटर बंद झाला की खातेवह्यांच्या बेरजा जुळवायच्या, आणि जोवर जुळत नाहीत तोवर घरी जायचे नाही, असा शिरस्ता होता. फरक निघाला तर वरिष्ठ आधी एकच गोष्ट पाहायला सांगत : फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो का? भाग गेला तर बहुधा कोठे तरी अंक उलटे पडले आहेत असे समजायचे. कोणी 63 चे 36 लिहिले असेल तर फरक 27 येणार, 82 चे 28 लिहिले असेल तर 54 येणार. या एका युक्तीवर मी अनेकांना वेळेवर घरी पाठवले आहे. एम.कॉम.पर्यंतचे शिक्षण आणि हा अनुभव, यांच्या बळावर गणित आपल्या घरचेच आहे अशी माझी समजूत होती.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा मला जे म्हणाला, त्याने मी हादरलो. नात तेव्हा मोठ्या शिशुवर्गात होती, पाच वर्षांची. जेवणानंतर मी सहज म्हणालो, ‘‘उद्यापासून हिचे पाढे मी घेतो.’’ मुलाने ताट बाजूला सारले आणि आवाज न चढवता सांगितले, ‘‘बाबा, तिला गणित तुम्ही शिकवू नका.’’

घरात क्षणभर कोणी काही बोलले नाही. सूनबाईंनी भांडी उचलली. मी वर्तमानपत्र उघडले, पण वाचले काहीच नाही.

त्याच्या त्या वाक्यामागे काय होते, हे मला ठाऊक होते. तो आठ वर्षांचा असताना रोज संध्याकाळी मी त्याला समोर बसवून पाढे म्हणून घेत असे. हातात पट्टी असे. सातच्या पाढ्यात ‘सात आठे’ आले की तो हमखास अडखळे. एकदा ‘चोपन्न’, एकदा ‘अठ्ठेचाळीस’, आणि मग नुसतेच डोळ्यांत पाणी. पट्टी किती वेळा उठली याचा हिशेब मी ठेवला नाही. माझ्या वडिलांनी मला असेच शिकवले होते आणि माझे काही बिघडले नव्हते, एवढाच माझा युक्तिवाद असे. मुलगा पुढे शिकला, धडपडून उद्योगात शिरला, चार माणसांना रोजगार देऊ लागला. पण आजही 25 च्या 4 गड्ड्या किती, हे तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाहतो, आणि मी जवळ असलो तर मोबाईल टेबलाखाली धरून पाहतो. हे माझ्या नजरेतून सुटलेले नव्हते. मी फक्त त्याचा संबंध माझ्याशी लावत नव्हतो.

मुलाचा लहानसा कारखाना चिंचोळी एमआयडीसीत आहे. पुणे रस्त्याने सोलापूर शहर मागे टाकले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत ही औद्योगिक वसाहत लागते. टॉवेल, चादरी आणि इतर माल भरण्यासाठी लागणारी पुठ्ठ्याची खोकी तेथे तयार होतात. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा मी तेथे जाऊन बसतो. बिले पाहतो, जीएसटीचे कागद लावतो. शाळेला सुट्टी असली की नातही हट्टाने गाडीत बसते. यंत्रांच्या बाजूला तिला जाऊ द्यायचे नाही, एवढी एकच अट. ऑफिसच्या पुढे एक चिंचेचे झाड आहे. त्याखाली ती आणि पहारेकऱ्याची मुलगी खेळत.

पहारेकरी अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. त्याची मुलगी सहा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत. एके दिवशी खिडकीतून मी पाहत होतो. दोघींनी चिंचोके गोळा केले होते. माझी नात घडाघडा शंभरपर्यंत आकडे म्हणत होती, आणि बोट मात्र कधी दोन चिंचोके एकदम ओलांडत होते, कधी एकाच चिंचोक्यावर तीनदा आपटत होते. ती दुसरी मुलगी गप्प होती. तिने चिंचोके पाच-पाचांनी मांडले, दोन पाच एकत्र करून दहाचा ढीग केला, असे चार ढीग झाले, वर तीन उरले. मग आपल्या भाषेत काही तरी पुटपुटून ती म्हणाली, ‘‘चाळीस आणि तीन.’’

माझी नात म्हणाली, ‘‘माझे शंभर.’’ तिच्यापुढे वीसही चिंचोके नव्हते.

मला त्या क्षणी बँकेतला एक प्रकार आठवला. नव्याने लागलेले काही तरुण आकडे फार सुंदर अक्षरात लिहीत, पण पुढ्यात पडलेल्या नोटांची गड्डी किती जाडीची असावी याचा त्यांना अदमास नसे. आकड्याचे नाव येणे आणि आकडा कळणे यांत अंतर असते. माझ्या नातीला नावे येत होती. मुलालाही मी नावेच दिली होती, पट्टीच्या धाकाने.

मुलाने मनाई केली होती, म्हणून मी शिकवायचे नाही असे ठरवले. फक्त खेळायचे. त्याच्याकडून तेवढी परवानगी मी रीतसर मागितली. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, ‘‘पाटी-पेन्सिल नको. आणि चुकली तर ओरडायचं नाही.’’ बँकेत मी अनेक करारांवर सह्या केल्या. हा करार तोंडी होता, पण मी तो काटेकोर पाळला.

पहिला खेळ दहा चिंचोक्यांचा. एक चिंचोका उचलायचा, एक आकडा म्हणायचा, वाटीत टाकायचा. आवाज होतो, त्यामुळे बोट आणि तोंड यांची गती जुळते. आठवडाभरात ती दहापर्यंत न चुकता मोजू लागली. मग मी विचारले, ‘‘वाटीत किती आहेत?’’ ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. माझ्या लक्षात आले की शेवटी म्हटलेला आकडा हीच एकूण संख्या, ही गोष्ट आपल्याला इतकी सरावाची झाली आहे की तीही कधी तरी शिकावी लागते हेच आपण विसरलो आहोत. वाटी झाकून ‘‘आता न बघता सांग’’ असे म्हणत खेळलो, तेव्हा कोठे ते तिच्या ध्यानात आले.

दुसरी गंमत त्याहून मोठी. आठ चिंचोक्यांची एक ओळ, तिच्याखाली आठांचीच दुसरी. ‘‘कोणत्या ओळीत जास्त?’’ ‘‘दोन्हीत सारखे.’’ मग तिच्या डोळ्यांदेखत मी खालची ओळ लांबवर पसरली. ‘‘आता?’’ ‘‘खालच्या ओळीत जास्त.’’ मी चकित झालो. नंतर वाचनात आले की स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी नेमका हाच प्रयोग मुलांवर करून पाहिला होता, आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुले असेच उत्तर देतात. यात मूल मठ्ठ नसते. त्याच्या लेखी लांबी आणि संख्या अजून वेगळ्या झालेल्या नसतात. ‘‘अगं, आठच आहेत!’’ असे सांगून उपयोग नाही. ओळ पुन्हा जवळ आणावी, पुन्हा पसरावी, एकेका चिंचोक्याची वरच्याशी जोडी लावू द्यावी. मुलाच्या लहानपणी अशा उत्तराला मी काय म्हणालो असतो, हे येथे लिहीत नाही.

यानंतर मी एक नियम केला. उत्तर बरोबर असो वा चूक, प्रश्न एकच विचारायचा : ‘‘तुला कसं कळलं?’’ बरोबर उत्तरामागे कधी नुसता अंदाज निघे आणि चुकीच्या उत्तरामागे कधी कधी चांगला विचार.

मग दहाचे गठ्ठे आले. कारखान्यात पुठ्ठ्याचे कात्रण विपुल. बोटभर लांबीच्या शंभर पट्ट्या कापून घेतल्या, कडा बोथट केल्या, आणि रबरबँडची एक डबी आणली. दहा पट्ट्या झाल्या की रबर लावायचे. दहा गठ्ठे झाले की सुतळीने बांधून एक मोठा गठ्ठा करायचा. खोकी गोदामात अशाच गठ्ठ्यांनी जातात, त्यामुळे तिला ते खऱ्या कामासारखे वाटे. 34 म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्या. 43 म्हणजे चार गठ्ठे आणि तीन सुट्या. हातात घेतले की फरक वजनाने कळतो. 42 मधून 17 द्यायचे असतील तर सुट्या दोनच आहेत, मग एक गठ्ठा सोडायलाच हवा. ज्याला शाळेत ‘हातचा घेणे’ म्हणतात ते म्हणजे रबर काढणे होय, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रथमच दिसले.

येथे आपल्या भाषेची एक अडचण आडवी आली, आणि तिने मला पुन्हा बँकेत नेले. नात ‘छत्तीस’ ऐकून 63 लिहीत असे. मी विचार केला, तर दोष तिचा नव्हताच. छत्तीस या शब्दात सहा आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी आणि सहा नंतर. मूल जसे ऐकते तसे लिहिते. आयुष्यभर जे उलटे पडलेले अंक मी 9 ने भागून शोधत होतो, त्यांतले काही तरी या वळणावर पडले असतील, असे आता वाटते.

2019 साली याच गोष्टीवर महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तो वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ बरोबर ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात. मूल आकड्यांना घाबरू नये यासाठी ही सोय आहे. विनोद झाले, टीका झाली, विषय विधिमंडळापर्यंत गेला. खरे सांगायचे तर तेव्हा टीका करणाऱ्यांत मीही होतो. बँकेतल्या मित्रांच्या कट्ट्यावर ‘आता पन्नास दोन पत्ते खेळू या’ असा विनोद मीच केला होता.

चिंचेखाली बसल्यावर माझे मत बदलले, कारण उत्तर समोरच होते. पहारेकऱ्याच्या मुलीच्या कानडीत वीस म्हणजे ‘इप्पत्तु’ आणि एक म्हणजे ‘ओंदु’. एकवीसला ती ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, म्हणजे वीस-एक. आमच्या सोलापुरात पूर्वभागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात. तेथेही ‘इरवै ओकटि’, म्हणजे वीस एक. जी पद्धत आम्हांला परकी वाटली, ती आमच्या शेजारच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालत होती. त्या मुलीने ‘चाळीस आणि तीन’ म्हटले होते ते म्हणूनच. तिच्या मातृभाषेने तिला गठ्ठे आयते बांधून दिले होते.

मात्र आपली जुनी नावे टाकून द्यावीत असे मला वाटत नाही. त्यांच्या पोटातही गणित आहे. ‘एकोणतीस’ घ्या. एक उणा तीस. मी तीन गठ्ठे नातीपुढे ठेवले आणि म्हणालो, ‘‘तीस. यातली एक पट्टी मला दे.’’ तिने रबर सोडून एक दिली. ‘‘आता एक उणी झाली. एक-उणा-तीस.’’ ती दोन-तीनदा पुटपुटली आणि मग एकदम ओरडली, ‘‘एकोणतीस!’’ त्या दिवशी तिने घरभर फिरून एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असे सगळे ‘उणे’ शोधले. शेवटी ‘नव्व्याण्णव’ला अडली आणि विचारले, ‘‘आजोबा, हे एकोणशंभर का नाही?’’ मला उत्तर देता आले नाही, आणि तसे मी सांगितले. पूर्वी मी ‘नसते प्रश्न विचारू नकोस’ म्हणालो असतो.

आता आपल्या व्यापारी घराण्यांविषयी. माझ्या आजोबांचे मंगळवार पेठेत धान्याचे दुकान होते. दशमान नाणी 1957 साली आली, मेट्रिक वजने-मापे 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि दुकानातली जुनी मापे माळ्यावर गेली. शेर, मापटे आणि चिपटे एवढी तीन अजून शिल्लक आहेत. मी ती खाली काढून चिंचेने घासली आणि परातीत ज्वारी ओतून नातीपुढे ठेवली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडशिरी, दोन अडशिऱ्यांची एक पायली. चिपट्याच्या खालीही दोन कोळव्यांचे चिपटे आणि दोन निळव्यांचे कोळवे. वरून खाली आले तर प्रत्येक पायरीला अर्धे, खालून वर गेले तर प्रत्येक पायरीला दुप्पट. आजोबांच्या दुकानात पोरे ज्वारी मापता मापता 2, 4, 8, 16, 32, 64 शिकत होती. त्याला गणित म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेही नसेल.

याच संदर्भात आपल्या परंपरेतील एक गोष्ट नव्या पिढीला सांगावीशी वाटते. आचार्य वीरसेन यांच्या नवव्या शतकातील ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही कल्पना येते. एखादी संख्या एकावर येईपर्यंत किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. 16 चे 4, 64 चे 6. आधुनिक गणितात ज्याला दोन पायाचा लॉगरिदम म्हणतात, तोच हा विचार. पायलीची निळवी 64 होतात आणि त्यासाठी सहा वेळा निम्मे करावे लागते, हे कळले की सात वर्षांच्या मुलाला अर्धच्छेद कळले. नाव मागाहून सांगितले तरी चालते. त्याच शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. सोलापूरहून ते फार दूर नाही. ज्योतिषाचा भाग वेगळा ठेवून केवळ गणितालाच वाहिलेला असा तो ग्रंथ आहे, आणि त्याचा हिंदी अनुवाद 1963 साली आपल्या सोलापुरातूनच, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून, प्रसिद्ध झाला. त्यातली उदाहरणे पाहावीत : तुटलेल्या हारातून घरंगळलेले मोती, वाटेत पैशांची थैली सापडलेले व्यापारी, वाटून घ्यायची फळे. ज्यांनी असंख्यात आणि अनंत यांचे सूक्ष्म भेद केले त्या परंपरेतील आचार्यालाही मोती, फळे आणि थैली यांपासून सुरुवात करणे कमीपणाचे वाटले नाही. मग आम्ही पाच वर्षांच्या मुलापुढे कोरड्या पाढ्यांचा कागद का टाकतो?

महाराष्ट्रात हा विचार कृतीत आणणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतील महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या यांनाच त्यांनी साधने केले. मुले अंगणात येत नसतील तर अंगण मुलांकडे न्यायचे, ही त्यांची रीत. 2021 साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा उद्देशही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि पायाभूत अंकज्ञान यावे हाच आहे. साधन स्वस्त की महाग, याला महत्त्व नाही. ते मुलाच्या हातात आहे की कपाटात, एवढेच पाहावे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची दुकाने आहेत, गोदामे आहेत, आडती आहेत. मुलांना आपण महागड्या वर्गांना घालतो, वेगाने बेरजा करणाऱ्या मुलांचे चलचित्र एकमेकांना पाठवतो. वेगाला माझा विरोध नाही. त्याच वेगावर मी पगार मिळवला. पण वेग शेवटी येतो. दुकान हीच मुलांची पहिली गणितशाळा होऊ शकते, आणि तिचे शुल्क नाही. सुट्टीच्या दिवशी मुलाला अर्धा तास गल्ल्याशेजारी बसवावे. सुटी नाणी वेगळी करून दहा-दहाच्या चवडी लावू द्याव्यात. तराजूच्या एका पारड्यात किलोचे वजन ठेवून दुसऱ्यात किती कांदे बसतील याचा अंदाज आधी विचारावा, मग मोजावे. अंदाज चुकला तर हसून पुढचा विचारावा. रिकामी बरणी दाखवून ‘‘यात किती?’’ असे विचारावे. ‘काही नाही’ यालाही एक आकडा आहे, हे रिकाम्या बरणीइतके चांगले दुसरे कोणी सांगत नाही. बारा बिस्किटे तिघांत वाटू द्यावीत, मग चौथा पाहुणा आला असे सांगावे. चूक झाली तर लगेच दुरुस्त करू नये. वाटणीत कमी आले की चौथा पाहुणा स्वतःच तक्रार करतो. वेळ पंधरा-वीस मिनिटे पुरे. मूल उठून गेले तर जाऊ द्यावे.

आणि एक विनंती. पहारेकऱ्याचे, हमालाचे, कामवाल्या बाईंचे मूल जवळ असेल तर त्यालाही त्या खेळात घ्यावे. हे मी परोपकार म्हणून लिहीत नाही. माझ्या नातीला दहाचा गठ्ठा मी शिकवण्याआधी त्या मुलीने दाखवला होता. तिच्या शाळेसाठी पट्ट्यांचे आणि रबरांचे दोन संच आम्ही दिले, ते ऋण फेडण्याचा एक अल्प प्रयत्न म्हणून.

आता शेवटचे. नात आता दुसरीत आहे. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही चिंचोळीला गेलो होतो. कारखाना बंद होता, फक्त दुपारी एक ट्रक भरून जायचा होता. नातीने ऑफिसच्या फरशीवर चिंचोक्यांच्या ओळी मांडल्या, प्रत्येकीत सात, अशा आठ ओळी. एकूण किती, ते तिला मोजायचे होते. मी काही बोललो नाही. मुलगा कागदपत्रे घेऊन दारात उभा होता. ओळी पाहून तो थांबला. त्या किती ओळी आहेत आणि प्रत्येकीत किती आहेत, हे आम्हां दोघांनाही मोजावे लागले नाही.

तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला. पाच ओळींनंतर त्याने फरशीवर पेन्सिल आडवी ठेवली. ‘‘हे बघ, इथपर्यंत पाच ओळी. पाच सात पस्तीस. खाली राहिल्या तीन. सात, चौदा, एकवीस. पस्तीस आणि एकवीस...’’ तो थांबला. मोबाईल त्याच्या खिशातच होता. नातीने पट्ट्यांचे गठ्ठे ओढले, तीन आणि दोन गठ्ठे एकत्र केले, पाच आणि एक सुट्या जोडल्या. ‘‘छप्पन्न, पप्पा!’’

‘‘छप्पन्न,’’ तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, ‘‘बाबा, हे असं तोडता येतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलंच नव्हतं.’’

मी म्हणालो, ‘‘मलाही कोणी सांगितलं नव्हतं. पण पट्टी माझ्या हातात होती. चूक माझी होती.’’ हे वाक्य मी पंचवीसेक वर्षे उशिरा म्हटले.

त्याने मान हलवली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. उठताना तो नातीला म्हणाला, ‘‘चल, गठ्ठे मोजायला ये. दहाचा एक.’’ आणि मग मला म्हणाला, ‘‘तुम्हीही या.’’